आखाजीचे आठ दिवस

जळगावच्या एका व्यापाऱ्याने मला फसवलं आणि मी माझ्या धाकट्या जावेला फसवलं. पैशांत नाही. पैसे त्याने चोख दिले आणि जावेचा वाटा मीही कधी मागे ठेवला नाही. फसवणूक झाली ती दिवसांची. आखाजीचे आठ दिवस होते, आणि ते तिचे होते. माझ्या हातून ते त्याच्याकडे गेले, आणि त्याला ते लागलेसुद्धा नाहीत. राग येतो तो याचा. चोराने नेलेली वस्तू वापरली तर एक वेळ समजतं. याने नेली आणि कोपऱ्यात टाकून दिली.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. आम्ही जुन्या धुळ्यात राहायचो. खाली नवरा आणि दीर या दोघा भावांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या आणि त्यांवर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. घरात सासू, दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा आणि पोरंबाळं. दुकानावर घर अर्धंच चालायचं. उरलेलं अर्धं मी बिबड्यांवर ओढून आणलं, हे मी छाती ठोकून सांगते. दादर ज्वारी तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी दळून तिखट-लसूण-तीळ घालून घाटा शिजवायचा आणि धाब्यावर ओल्या धोतरावर पातळ गोल थापायचा. वाळलं की पापडासारखं तळून खायचं. खानदेशात हे प्रत्येक घरात होतं. पण विकायला काढणारी आमच्या गल्लीत मी पहिली.

घासाघीस माझ्या अंगातच आहे. मी बाजारात शिरले की भाजीवाल्या टोपली झाकून घेतात, असं सासू म्हणायची. त्या जोरावर एक डबा घेऊन मी एकटी एस. टी.ने जळगावला गेले आणि पापड-मसाल्याचा माल मुंबईला पाठवणारा एक शेठ गाठला. त्याने बिबडं तळून घेतलं, खाल्लं, भाव सांगितला. मी डबा उचलून पायरी उतरले. त्याने हाक मारली. असं तीनदा झालं. शेवटी माझ्या भावावर आला आणि म्हणाला, "अक्का, तुमच्याशी बोलायचं म्हणजे माणसाने जेवून बसावं."

मग त्याने विचारलं, "तुमच्या गल्लीतल्या बाया दुपारी काय करतात?"

"काय करणार? बसतात."

"बसतात म्हणजे?"

मला लाजच वाटली. जेवणं झाली, भांडी झाली, की बाया ओट्यावर सावलीला बसायच्या. कुणी कुणाची वेणी घालायची, कुणी गोधडीला दोन टाके घालायची, कुणी नुसतीच भिंतीला टेकायची. यात सांगण्यासारखं काय होतं? तो म्हणाला, "फावला वेळ आहे म्हणा की. त्याचं सोनं करा." ते वाक्य मी पदरात बांधून धुळ्याला आणलं. महिन्याभरात आमच्या ओट्यावर टेकून बसलेली बाई दिसेनाशी झाली.

सगळ्यांत चांगला हात माझ्या जावेचा. तिचं बिबडं उजेडात धरलं तर पलीकडचं दिसायचं. दोंडाईच्याजवळच्या खेड्यातून आलेली, बोलायला कमी. पूर्वी ती दुपारी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पाय लांब करून बसायची आणि काही म्हणता काही करायची नाही. मी येता-जाता म्हणायचे, "काय गं, मुहूर्त बघतेस का?" ती हसून उठायची. दोन वर्षांत ती तिथे बसायचीच बंद झाली. मला वाटलं, सुधारली.

आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणीचा सण. वैशाखात घरोघर पुरणाचे मांडे आणि आमरस, निंबाला झोके, आणि माहेरी आलेल्या पोरी दिवसभर झोक्यावर गाणी म्हणणार. शेतावर वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या सालदाराचंही साल तेव्हाच संपतं, तोही चार दिवस कुणाचा चाकर नसतो. एरवी बाईने बसलेलं कुणाला खपत नाही, पण आखाजीत ती आईच्या अंगणात लोळत पडली तरी कुणी बोलत नाही. भाऊ मुराळी होऊन तिला न्यायला येतो. किती दिवस न्यायचं यावर सासरचे आणि तो घासाघीस करतात. तीही रीतच आहे.

माझी जाऊ तीन आखाज्या माहेरी गेलेली नव्हती. दोन बाळंतपणांत गेल्या, तिसरी माझ्या मालात. त्या वर्षी तिने संक्रांतीलाच सांगून ठेवलं.

"अक्का, यंदा मी जाणार."

"जा की. धरलंय कुणी?"

"चौघी येणार आहोत. लग्नानंतर चौघी एकदम कधी जमलोच नाही."

तिच्या तीन मैत्रिणी होत्या. त्यांतली एक नवऱ्यामागे कायमची गुजरातेत जाणार होती. त्यानंतर चौघींची गाठ पडेल याचा भरवसा नव्हता. हे सगळं तिने मला सांगितलं होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

चैत्र संपत आला तेव्हा शेठचा निरोप आला की बारा डबे माल आखाजीपर्यंत पोहोचला पाहिजे. मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून त्याला फोन लावला.

"आखाजीनंतर आठ दिवसांनी देते."

"नंतर नको."

"चार दिवसांनी."

"अक्का, नंतर आणलात तर तसेच परत घेऊन जा. मुंबईचं गिऱ्हाईक थांबणार नाही. दुसऱ्या बाया तयार आहेत."

मी भाव कमी करायची तयारी दाखवली. मी, जी कधी चार आणे सोडत नाही. तो बधला नाही. फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. दुकानदाराने विचारलं, "अक्का, कुणी गेलं का?" त्याला मी चार शब्द सुनावले. त्याचा काही दोष नव्हता.

हरले होते मी जळगावच्या शेठपुढे, आणि जिंकायला घराकडे वळले.

जावेचा भाऊ सोमवारी येणार होता आणि आखाजी शुक्रवारी होती. आदल्या शुक्रवारी सकाळी जाऊ सासूला घेऊन दवाखान्यात गेली होती. मी चार मोठी पातेली काढली, दादर ओतली आणि वर पाणी सोडलं. भिजलेली दादर थांबत नाही. चौथ्या दिवशी उपसून दळली नाही तर आंबते, बिबडं लाल पडतं आणि तळताना तुकडे होतात. आणि आमच्या घरात दाणा फेकणं हे पापच. हिशेब सरळ होता. शुक्रवार, शनिवार, रविवार. मुराळी दारात उभा राहील तेव्हा पातेली तयार असतील.

ती आली. पातेली तिने पाहिली आणि बोटांवर मोजलं.

"अक्का, सोमवारी दादा येणार."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? गल्लीत बाया आहेत ना. तुझ्यावाचून अडतंय थोडंच."

गल्लीतल्या दोघी रविवारीच माहेरी निघणार होत्या. तिसरीचा हात भाजलेला होता. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. शनिवारी सकाळी पाणी बदलायला मी उठले तर तिने ते आधीच बदललं होतं. रविवारीही. आंबूस वास जिन्यात उतरला होता. ते तीन दिवस मी तिच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही आणि घरात प्रत्येकावर ओरडत होते.

सोमवारी दहाच्या सुमाराला भाऊ आला. हातात आंब्यांची पिशवी. पाणी झालं, चहा झाला. सासूने माझ्याकडे बोट दाखवलं. "तिच्याशी बोला. मी आता नावाची."

"अक्का, दहा दिन धाडा," तो म्हणाला.

"दहा कशाला, पंधरा न्या. पण आखाजी झाल्यावर."

तो हसला. थट्टा वाटली त्याला. "आखाजी व्हयनी का मंग आखाजीले काय न्यायचं? वरात गेल्यावर घोडं?"

"माल आहे भाऊ. बाराच्या बारा डबे जायचे आहेत."

"आठ दिन."

"शनिवारी सकाळच्या गाडीत मी स्वतः बसवून देते."

"अक्का, माय रोज दारमां बठस. बठ्ठ्या पोरी ई ग्यात. पाच दिन तरी?"

माय दारात बसून असते, सगळ्या पोरी आल्या आहेत, असं सांगत तो उतरत होता आणि मी जागची हलत नव्हते. समोरचा उतरायला लागला की मला जोर येतो. शेवटी तो कंटाळून बहिणीकडे वळला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, कोपरापर्यंत ओली.

"तुनं काय म्हननं शे?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "दादर भिजेल शे, दादा. फेकता येस का?"

शेतकऱ्याचा पोरगा, भिजलेल्या दाण्यावर काय बोलणार? आंबे ठेवून दुपारच्या गाडीने एकटा परत गेला. मी जिंकले होते. आणि तेव्हा मला आनंदही झाला होता, मोठा सौदा मारल्यावर होतो तसाच.

सोमवारी दादर दळून पीठ वाळत घातलं. मंगळवार ते गुरुवार धाब्यावर ऊन आग ओकत होतं. आम्ही पहाटे घाटा शिजवायचो आणि ऊन चढायच्या आत थापायचो. आखाजीच्या दिवशी शेजारच्या घरात मांडे चालले होते आणि आम्ही दोघी डबे भरत होतो. तेलाचे रिकामे डबे होते. वर जुन्या लाल काठाच्या लुगड्याचं फडकं, आणि जावेची दुहेरी गाठ. ती गाठ नखाने सुटत नाही, दातच लावावा लागतो. दुपारच्या गाडीने बाराही डबे जळगावला गेले.

शनिवारी सकाळी मी तिला दोंडाईच्याच्या गाडीत बसवलं. "आठ दिवस खुशाल राहा," म्हटलं. मनापासून म्हटलं.

रविवारी भर दुपारी ती जिना चढून आली.

"का गं? इतक्यात?"

"झालं."

"भेटल्या का मैत्रिणी?"

"दोघी शनिवारी सकाळीच गेल्या. गुजरातवाली त्याच्या आदल्या सांजेला."

मी तिला पाणी दिलं. तिने अर्धं पिऊन ठेवलं. "झोका होता अजून," ती म्हणाली. "बसले. चार-पाच हेलकावे घेतले. मग वाटलं, हे काय, उगाच बसलेय. उतरले आणि मायचे गहू निवडायला घेतले. मायने सूप काढून घेतलं हातातून. मग मला करमेना, अक्का. हात कुठे ठेवू कळेना."

आणि मग म्हणाली, "पुढची दादर कधी भिजवायची?"

खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा मला बरंच वाटलं. कामाची बाई लवकर परत आली होती. पण कोपऱ्यात सासू जपमाळ घेऊन बसली होती. ती माळ न थांबवता म्हणाली, "घे. पुरती जिंकलीस."

मी सासूवर भडकले. तुम्हाला दोन वेळचं बसून मिळतंय म्हणून सुचतं, असं काहीबाही बोलले. जाऊ उठून कोरड्या धोतरांच्या घड्या करायला लागली होती. आईच्या अंगणात बसता येत नाही अशी बाई मी तयार केली होती, आणि मला स्वतःला शेवटचं नुसतं बसून किती वर्षं झाली होती ते आठवत नव्हतं.

तरी अजून मी म्हणत होते की इलाज नव्हता. मुंबईचं गिऱ्हाईक होतं. तारीख होती.

आषाढात पुढच्या मालाचं बोलायला जळगावला गेले. पाऊस जोराचा होता. शेठ गिऱ्हाइकात होता म्हणून त्याच्या माणसाने मला मागच्या गोदामात बसायला सांगितलं. डोळे अंधाराला सरावले तशी भिंतीकडे नजर गेली. बारा डबे एकावर एक रचलेले होते. लाल काठाची फडकी. मी जवळ जाऊन गाठी पाहिल्या. बाराच्या बारा तशाच होत्या. एकाही गाठीला कुणी दात लावलेला नव्हता. दोन फडकी उंदरांनी कुरतडली होती.

मी बाहेर येऊन त्याच्या गादीपुढे उभी राहिले. "मुंबईचं गिऱ्हाईक कुठे आहे?"

"कोणतं?"

"जे आखाजीपलीकडे थांबणार नव्हतं."

त्याच्या लक्षात आलं. तो चिडला नाही, हसलाच. "अक्का, बसा. गिऱ्हाईक मागेल तेव्हा माल जाईल. माल आधी घरात पाहिजे."

"मग आखाजीपर्यंतच कशाला?"

"तारीख दिल्याशिवाय काम हलत नाही. आखाजीला बाया माहेरी पळाल्या की महिनाभर हाताला लागत नाहीत. तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीही तुमच्या बायांना तारीखच देता ना?"

देत होते. गुरुवारी हवं असेल तर मंगळवार सांगत होते. पण ते त्याच्या तोंडून ऐकल्यावर माझा तोल गेला. दुकानात गिऱ्हाईक होतं, हमाल होते, कुणाची पर्वा केली नाही. म्हटलं, "शेठ, उठा. धुळ्याला चला. माझ्या जावेसमोर उभे राहा आणि हे तिला सांगा."

तो म्हणाला, "अहो, सण दरवर्षी येतो."

गादीजवळचा हमाल हसला. मी छत्री तिथेच विसरून भिजत स्टँडवर आले. घरी जावेला काही सांगितलं नाही. सांगायचं तर दादर कुणी आणि का भिजवली तेही सांगावं लागलं असतं. आणि त्या शेठला मी पुढेही माल दिला. संसार होता, दुसरा कुणी तेवढा भाव देत नव्हता. वाढता वाढता आमच्याकडे वीस बाया झाल्या. सासू गेली. नव्वदच्या दशकात आम्ही पत्र्याची शेड घातली, घड्याळ लावलं.

त्या दशकाच्या अखेरीस शेठने जळगावात मोठा कार्यक्रम ठेवला. मंडप, हार, मान्यवर. मला शाल-श्रीफळ द्यायचं होतं. जाऊ माझ्याबरोबर आली, तिसऱ्या रांगेत बसली. शेठ म्हातारा झाला होता पण आवाज खणखणीत. माईकवर म्हणाला, "या अक्कांनी आयुष्यात एक दिवस वाया घालवला नाही. बघा, फावल्या वेळातून काय उभं राहतं."

टाळ्या झाल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी माईकसमोर गेले आणि शेठकडे वळून विचारलं, "शेठ, आखाजीचे आठ दिवस घेतले होते तुम्ही. कशाला घेतले होते ते सांगा."

मंडपाला वाटलं मी थट्टा करते आहे. लोक हसले. मी पुन्हा विचारलं. सूत्रसंचालन करणाऱ्याने "अक्कांचा स्वभाव सगळ्यांना माहीतच आहे" असं म्हणत माईक हळूच काढून घेतला. शेठ हार सारखा करत खाली पाहत होता. त्याला आठवलं होतं, हे मला तेवढ्यावरून कळलं.

परतीच्या गाडीत एरंडोल गेल्यावर जावेने विचारलं, "कुठले आठ दिवस?"

मी सगळं सांगितलं. गोदाम, गाठी, तारीख. आणि दादर मी मुद्दाम त्या शुक्रवारी भिजवली होती, हेही. दहा वर्षं गिळलेलं होतं. सांगताना मी खिडकीबाहेर पाहत होते.

"मुद्दाम भिजवल्याचं माहीत होतं," ती म्हणाली.

"माहीत होतं? मग पाणी का बदलत होतीस रोज?"

"नाहीतर कुजली असती ना."

तिने एवढंच म्हटलं. रागवली असती, रडली असती, तर मला सोपं गेलं असतं. भांडता तरी आलं असतं. थोड्या वेळाने म्हणाली, "पण ते डबे तसेच पडले होते, ते नव्हतं माहीत."

माझ्या वाट्याचं उत्तर मी त्या गाडीत दिलं. ते पुरेसं होतं असं मी म्हणत नाही, पण तिच्या शेजारी बसून, माझ्या तोंडाने दिलं. शेठचं राहिलं आहे. त्याने मुलांच्या हाती निरोप पाठवू नये, भेटवस्तू पाठवू नये, काळच तसा होता असं सांगू नये. काळाने फोनवर तारीख सांगितली नव्हती, त्याने सांगितली होती. त्याने धुळ्याला यावं, जिना चढावा, माझ्या जावेसमोर उभं राहावं आणि तिला सांगावं की न लागणाऱ्या बारा डब्यांसाठी त्याने तिचे आठ दिवस का घेतले. तिने विचारलेलं नाही. मी विचारते आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणार.